जपानहून आलेला पट्टा

चमन शिकलगार मिस्त्रींनी त्या दिवशी भरदुपारी इस्त्रीचा शर्ट चढवला, मिशीला तेलाचं बोट फिरवलं आणि बायकोला म्हणाले, "चल, आज जपानी खाना खायाचा."

बायकोचं नाव बेगम. कागदावरचंच नाव, लाडाचं नव्हे. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा गॅसवरच्या पातेल्याकडं. "तब्येत बरी हाय न्हवं?" तिनं विचारलं. पण कारण तिला ठाऊक होतं. अडीच महिने नवरा ज्याच्या पायी रात्री जेवायला बसल्या बसल्या पेंगत होता, ती वस्तू त्याला तिला दाखवायची होती. तिनं गॅस बंद केला आणि ठेवणीतली साडी काढली.

मिस्त्रींची चाळीस वर्षं साखर कारखान्यांत गेली. गव्हाणीतला ऊस आत ओढून नेणारा जो लोखंडी पट्टा असतो, तो बांधण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. पण हे काम असं की ते कुणाला दिसत नाही. हंगामाची पहिली मोळी टाकायला पुढारी येतात, हार पडतात, फोटो निघतात आणि पट्टा बांधणारा मागं कुठंतरी चहाचा कप घेऊन उभा असतो. मिस्त्री तोंडानं कधी बोलले नाहीत, पण मरायच्या आत एकदा तरी चार लोकांनी म्हणावं, हे चमननं केलंय, एवढी एक हाव त्यांच्या पोटात होती.

म्हणून विश्वजित मोबाईल घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्यांच्या शेडमध्ये आला, तेव्हा मिस्त्री विरघळले. विश्वजितला ताराबाई पार्कात हॉटेल काढायचं होतं. जपानात म्हणे माणसं जागेवर बसतात आणि जेवण त्यांच्यापुढून फिरतं. परदेशातून तसलं मशीन मागवायचं तर वर्ष जाणार. मिस्त्रींनी मोबाईलवरचा व्हिडिओ दहा-बारा वेळा पाहिला आणि मांडीवर थाप मारली.

"ह्यो तर बारका गव्हाणीचा पट्टा हाय की!"

"जमंल, चाचा?"

"न जमायला काय झालं? उसाच्या जागी ताटली."

मिस्त्री आणि त्यांचा मुलगा अरबाज, दोघांनी मिळून तो बांधला. कोपऱ्यावर पट्टा अडकू नये म्हणून मिस्त्रींनी एकेक पट्टी चंद्रकोरीसारखी कापली. आवाज येऊ नये म्हणून साखळी तीनदा बदलली. विश्वजित रोज संध्याकाळी यायचा नि म्हणायचा, "चाचा, उद्घाटनाला पयला फेटा तुमाला. माईकवर सांगणार, ह्यो कोल्हापूरचा माल हाय."

उद्घाटन झालं, ते मिस्त्रींना शेजाऱ्याच्या मोबाईलवर कळलं. अरबाज म्हणाला, "अब्बा, घाईत उरकलं. घरचीच माणसं हुती." मिस्त्रींनी ते मानलं. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण त्यांना पाठ होती, पण ती दुसऱ्यांवर येते असा त्यांचा समज होता.

जपानी खाना खायला निघाले त्या दिवशी मुलगाही बरोबर आला असता, तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. पण अरबाज सकाळीच हुपरीला गेला होता, चांदीच्या पैंजणांना पॉलिश करणारं कुणाचं तरी यंत्र बिघडलं होतं म्हणे.

हॉटेलात शिरताच गारवा अंगावर आला. मधोमध पट्टा फिरत होता. संथ, बिनआवाजी, ताटल्या घेऊन. मिस्त्री दारातच थांबले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. बेगम बघतच राहिली. "हे तुमी केलंसा?" ती हळूच म्हणाली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, एवढ्या मऊ आवाजात ती क्वचितच बोलली होती.

दोघं पट्ट्यालगत बसले. पुढून भाताचे मुटके जात होते, वर माशाचा तुकडा, कमरेला काळा कागद गुंडाळल्यासारखं काहीतरी. "हे कागदासकट खायाचं?" बेगमनं विचारलं. वाढणारी पोरगी म्हणाली, "काकू, ते समुद्रातलं शेवाळ आहे. आणि मासा भाजलेला आहे, कच्चा इथं कोण खातंय?" भात आजऱ्याचा घनसाळ निघाला. बेगमनं एक मुटका तोंडात टाकला, डोळे मिटले, गिळला. "भात बरा हाय. बाकीचं जपान्यांनी खावं," असा तिनं निकाल दिला. पलीकडं लोक मुटक्यावर खर्डा थापून खात होते. कोल्हापूरकराच्या हातात कुठलाही देश द्या, तो त्याला मिरची लावणारच.

तेवढ्यात विश्वजित दोन पाहुण्यांना घेऊन शेजारच्या टेबलापाशी आला. त्याचं मिस्त्रींकडं लक्ष नव्हतं. "ह्यो पट्टा थेट जपानहून," तो सांगत होता. "कंटेनरनं आणला. हितल्या लोकांचं काम न्हाय ते."

मिस्त्रींना आधी हसूच आलं. गडी चेष्टा करतोय, आता वळून म्हणेल, हे बघा आमचे चमनचाचा. पण विश्वजित वळला नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि ते बसले.

मिस्त्रींच्या तोंडातला भात तोंडातच राहिला. त्यांनी पट्ट्याच्या सांगाड्याखाली हात घातला. त्यांच्या वस्तादानं घालून दिलेली रीत होती. काम पुरं झालं की खालच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, ठशानं आपली अक्षरं ठोकायची. जिल्ह्यातल्या सात कारखान्यांत त्यांची 'च. शि.' अशी अक्षरं होती. बिनखुणेचं काम म्हणजे बेवारशी पोर, असं वस्ताद म्हणत. इथल्या खुणेची जागा मिस्त्रींना डोळे मिटूनही सापडली असती. बोटं तिथं पोचली. अक्षरं नव्हती. पत्रा गुळगुळीत होता.

कुणीतरी घासून काढली होती. आणि कुणी, ते बोटांनीच सांगितलं. भाड्याच्या माणसानं नुसता ग्राइंडर फिरवला असता, ओरखडे ठेवले असते. इथं घासल्यावर बारीक पॉलिश पेपर मारला होता, कड बोटाला लागू नये म्हणून मोडली होती आणि गंज धरू नये म्हणून वर तेलाचा हात दिला होता. उद्यमनगरात एवढी निगा ठेवणारी दोनच माणसं होती. एक स्वतः मिस्त्री, आणि दुसऱ्याला त्यांनीच कान पिरगाळून शिकवलं होतं.

"काय झालं वं?" बेगमनं विचारलं.

"काय न्हाय." त्यांनी तेलकट बोटं रुमालाला पुसली. कारागीर काय, हजार असतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण मन ऐकेना.

विश्वजितचं लक्ष आता गेलं. तो चटकन येऊन शेजारी टेकला, आवाज खाली आणून. "चाचा, सांगून यायचं की! राग मानू नका. पिकतं तितं विकत न्हाय. जपान म्हणलं की लोक रांग लावत्यात, शिकलगार म्हणलं तर कोण येणार? आता पुण्याची, गोव्याची हॉटेलं असल्याच पट्ट्यासाठी मागं लागल्यात. तुमच्याच घराचं भलं हुणार हाय."

"माजी अक्षरं कुणी घासली?"

विश्वजितनं पट्ट्याकडं पाहिलं. "म्या काय हातात ग्राइंडर घेतलेला न्हाय, चाचा," एवढंच तो म्हणाला.

त्याच वेळी कर्रर्र झालं आणि पट्टा थांबला. शेजारच्या पाहुण्यांनी खाल्लेल्या सात-आठ ताटल्या एकावर एक रचून परत पट्ट्यावर ठेवल्या होत्या. आपल्याकडं उष्टं पुढ्यात ठेवून कोण बसतं? पट्टा मुदपाकखान्यात शिरतो त्या भिंतीतल्या खिडकीला ती चळत जाऊन अडकली होती. ती खिडकी एकाच ताटलीच्या मापाची होती. माप मिस्त्रींनीच काढलं होतं. त्यांचे हात आपोआप बाह्या सारू लागले. चळत काढायची, साखळी दोन दाते मागं घ्यायची, बस. बेगमनं त्यांचं मनगट धरलं.

"बसा. जपानवाले येतील की," ती म्हणाली.

विश्वजितनं मुदपाकखान्याकडं हाक दिली. आतून एक तरुण धावत आला. पांढरा शर्ट, खिशावर जपानी झेंड्याचा लाल गोळा. त्यानं चळत काढली, वाकून साखळी दोन दाते मागं घेतली. पट्टा सुरू झाला. तो ताठ उभा राहिला आणि समोर आईबाप दिसले.

हुपरीला गेलेला अरबाज होता तो.

मिस्त्रींनी मुलाकडं पाहिलं ते पाहिलंच. विश्वजितनं फसवलं तेव्हा त्यांना राग आला होता. आता राग नव्हता. ज्या पोराला त्यांनी पायावर उभं केलं, त्यानं त्यांना पुसून टाकलं होतं, आणि तेही त्यांच्याच हातोटीनं.

"वा!" शेजारचा पाहुणा खूश झाला. "एका मिंटात! हे कोण?"

"जपानी कंपनीचे इंजिनिअर," विश्वजित म्हणाला.

"अस्सं? कुटं शिकलासा हे, साहेब?"

अरबाजनं बाहीनं कपाळ पुसलं. बापाच्या चेहऱ्यावर एवढीच आशा होती, की पोर आता बोलेल. एक बोट दाखवलं असतं, तरी मिस्त्रींनी सगळं माफ केलं असतं. कंपनी काढ, जपान म्हण, पुणं-गोवं घे, सगळं. अरबाजनं विश्वजितकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"कंपनीनंच ट्रेनिंग दिलं," तो म्हणाला.

मिस्त्री उठले. बेगम उठली. दोघांनाही बाहेर पडायची वाट अरबाजच्या अंगावरूनच होती. तो खिळल्यासारखा उभा. त्याचे ओठ हलले, "अब्बा" म्हणायला की आणखी काही, ते कळलं नाही.

मिस्त्रींनी त्याच्याकडं मान वर करून पाहिलं, आणि परक्या माणसाशी बोलतात तशा सरळ, मोठ्या आवाजात म्हणाले, "पावणं, जरा वाट द्या."

अरबाज बाजूला झाला.