गळकी

मित्रांनो, मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागे जी पोचे पडलेली स्टीलची बाटली दिसते ना, ती मी. या घरात माझं नाव ‘गळकी’ पडलं आहे. कुणाला प्रवासात पाणी द्यायचं झालं की एखादा हात माझ्याकडे येतो. तेवढ्यात पौर्णिमाचे बाबा म्हणतात, “ती नको, ती गळकी हाय.” लगेच हात मागे जातो. खरं सांगू? मी जन्मात एक थेंबही गळले नाही. तरी हे नाव मला कसं चिकटलं, ते आज तुम्हाला सांगते. इतके दिवस ऐकायला कुणी नव्हतं, आणि पापडाचा डबा काही बोलका नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याला यंत्राने दाबलं, वळवलं, तळ जोडला आणि घासून घासून चकचकीत केलं. झाकणात रबराचा वायसर बसवला. मग आम्हा सगळ्यांना पाणी भरून उलटं ठेवलं. जी गळली ती बाजूला गेली. मी गळले नाही, म्हणून तर खोक्यात बसून खोपोलीला शिळफाट्याच्या भांड्यांच्या दुकानात आले. तिथे आम्ही एका ओळीत उभ्या असायचो. गिऱ्हाईक यायचं आणि एकेक जण जायची. मी कोपऱ्यात होते, त्यामुळे शेवटपर्यंत राहिले. एकटं राहायची सवय मला तिथेच लागली.

मला घ्यायला आले पौर्णिमाचे बाबा, प्रबुद्ध. ते खोपोलीतल्याच एका कंपनीत कामाला आहेत, पण त्या दिवशी ते दवाखान्यातून आले होते. त्यांची लेक तापाने फणफणून पडली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पोरीची लघवी उलटी किडनीकडे चढते. गोळ्या चालू राहतील, पण पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी कधीही अडवून धरायची नाही. अडवली तर किडनी खराब होईल, आणि एकदा खराब झालेली किडनी पुन्हा नीट होत नाही. बाबांनी दुकानदाराला सगळ्यात मजबूत बाटली मागितली. त्याने मला पुढे केलं. मित्रांनो, त्या दिवशी मी किती फुशारले म्हणून सांगू! आपली गणना आता औषधांत झाली, असं मला वाटलं.

भिवपुरीजवळच्या आमच्या गावात माझे पहिले दिवस फार सुखाचे गेले. पौर्णिमाच्या आईने, मैनाने, जुन्या साडीचा तुकडा घेऊन मला झबलं शिवलं. गावची शाळा दोन खोल्यांची. मुतारी भिंतीच्या मागेच. पौर्णिमा उठली की गुरुजी नुसती मान हलवायचे. ती जायची, यायची आणि परत पाढ्यांना लागायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे. ती मला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायची, आणि घरी जाताना मी रिकामी, हलकी असायचे. बाटलीला यापेक्षा मोठा मान कुठला?

पाचवीला तिला कर्जतच्या बाजूच्या मोठ्या शाळेत घातलं. रिक्षाने जायचं, रिक्षाने यायचं. पहिल्याच दिवशी आईने डॉक्टरांची चिठ्ठी वर्गशिक्षिकेच्या हातात दिली. त्यांचं नाव श्रद्धा मॅडम. बाई मनाने फार चांगल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि वर्गात येऊन सगळ्यांना समजावून सांगितलं, की पौर्णिमाला लघवीचा आजार आहे, ती विचारेल तेव्हा तिला सोडायचं आहे आणि तिला कुणीही हसायचं नाही.

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. तोवर कुणीही हसत नव्हतं. हसू नका म्हटल्यावर वर्गाला हसायचं सुचलं.

त्यानंतर पौर्णिमाने हात वर करून “मॅडम, बाथरूमला जाऊ?” असं विचारलं, की मॅडमचा खडू थांबायचा. त्या वळायच्या आणि प्रेमाने म्हणायच्या, “हो बाळा, जा.” खडू थांबला की सगळ्या वर्गाच्या माना वळायच्या. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच शूऽऽ असा आवाज काढायचं. शेजारची मुलगी आपलं दप्तर उचलून दुसरीकडे बसायला गेली. बाकावर तिच्या बाजूला उरले मी. दुसऱ्या तासांच्या शिक्षकांना तर काही ठाऊकच नव्हतं. ते म्हणायचे, आत्ताच जाऊन आलीस ना? मुलींची मुतारी मैदानाच्या पार टोकाला. ऑफिसजवळ एक चांगलं, स्वच्छ बाथरूम होतं, पण ते पाहुण्यांसाठी म्हणून कुलपात.

मग पौर्णिमाने त्यावर स्वतःच उपाय काढला. तिने पाणी पिणं सोडलं. आधी ती मला अर्धी संपवायची, मग दोन घोट घ्यायची, मग झाकणही उघडेना. घराजवळ आली की ती मला कुंपणाशी उपडी करायची. आईने विचारलं, पाणी प्यायलीस ना, तर म्हणायची, हो, बघ की, रिकामी हाय. मी आतून कोरडी, बाहेरून ओली. मला काही बोलता येत नव्हतं. भरल्या बाटलीचं ओझं तुम्हाला कळणार नाही. ते पाण्याचं नसतं.

वर्गात माझ्यासारखी आणखी एक होती. मॅडमच्या टेबलावरची निळी बाटली. सकाळी ती काठोकाठ भरलेली यायची आणि शाळा सुटताना तितकीच भरलेली जायची. तिचं काय दुखणं होतं, ते मला पुढे कळलं.

एक दिवस गणिताच्या तासाला ते झालं. पौर्णिमा सकाळपासून अडवून बसली होती. तिने हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. गुडघे आवळले, ओठ दाताखाली धरला. सांगताही येत नाही आणि सोसवतही नाही, अशी तिची गत. सरांनी फळ्यावर उदाहरण घातलं, आणि व्हायचं ते होऊन गेलं.

ती रडली नाही. तिने मला दप्तराच्या खिशातून ओढलं, झाकण काढलं आणि मला आपल्या मांडीवर पुरती उपडी केली. स्कर्ट, बाक, फरशी, सगळीकडे पाणीच पाणी झालं. मग ती उभी राहून मोठ्याने म्हणाली, “सर, माझी बाटली गळली.”

वर्ग हसला. पण तिला नाही, मला हसला. चांगली बाटली आणत जा गं, असं सर म्हणाले आणि तिला उन्हात उभं राहायला पाठवलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार लागलं. कारखान्यात उलटी ठेवली तेव्हासुद्धा मी गळले नव्हते. पण उन्हात तिने मला पोटाशी घट्ट धरून ठेवलं होतं. तेव्हा माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, जाऊ दे. माझं नाव गेलं तर गेलं, तिचं राहू दे.

घरी तिने तेच सांगितलं. बाटली गळते, उद्यापासून नेणार नाही. बाबा चिडले, दुकानदाराने गळकी बाटली गळ्यात मारली म्हणाले. नवीन वायसर आणेपर्यंत मला मांडणीवर ठेवलं. पौर्णिमा आता बिनबाटलीची शाळेत जाऊ लागली. दिवसभर ती पाण्याशिवाय तिकडे आणि मी पाण्याशिवाय इकडे. घरात कुणी नसायचं. पत्र्यावर कावळा चालला तरी मला सोबत वाटायची. चारपाच दिवसांत पौर्णिमाची कंबर दुखायला लागली आणि संध्याकाळी अंग कोमट लागू लागलं.

आईला बहिणीकडे शिळफाट्याला जायचं होतं. तिने मला पिशवीत घातलं आणि त्याच दुकानात नेलं. दुकानदाराने मला भरलं, उलटं केलं, वर्तमानपत्रावर धरून आपटलं, हलवलं. कागद कोरडा.

“ताई, ही गळत नाय,” तो म्हणाला. “वायसर पन चांगला हाय. उगा कशाला बदलता?”

आई मला हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग बहिणीकडे न जाताच ती परत फिरली. सगळ्या वाटेत मी तिच्या मांडीवर होते. मी कोरडीच होते, तरी ती मला पदराने पुसत होती.

घरी येऊन तिने मला भरलं आणि पौर्णिमासमोर फरशीवर उलटं धरलं. बराच वेळ दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

“एक थेंब तरी पडला का गं?”

पौर्णिमाने नकाराची मान हलवली.

“मग त्या दिवशी एवढं पानी कुठनं आलं?”

“मी ओतलं, आई,” ती म्हणाली. “मीच ओतलं.” आणि तिचा बांध फुटला. माना वळतात ते, शूऽऽ करतात ते, कुंपणाशी पाणी ओतते ते, सगळं बाहेर पडलं. शेवटी तिने एकच मागणं मागितलं, की बाबांना सांगू नकोस. आईने तिला शब्द दिला.

आधी त्या दोघी डॉक्टरांकडे गेल्या. पुन्हा जंतू झाले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलीत, आणखी महिनाभर असं चाललं असतं तर किडनीचं काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी श्रद्धा मॅडमना बोलावून घेतलं. चिठ्ठी आमच्याकडे आहे, तुमच्या मुलीला अडवलं कुणी, असं मुख्याध्यापक सरांनी विचारलं. मॅडमचा चेहरा उतरला होता. मी तिला एकदाही नाही म्हटलेलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

“नाय मॅडम, तुमी वाईट नाय,” आई म्हणाली. “तुमी सोडता. पन तिला रोज आख्ख्या वर्गासमोर इचारायला लागतं. तुमाला जायचं असलं, तर तुमी कुनाला इचारता?”

त्यावर सर शिस्तीचं सांगू लागले. एक न विचारता उठली तर उद्या सगळा वर्ग उठेल, मुलं मैदानात हुंदडत बसतील, पालक आम्हालाच जाब विचारतील. एकीसाठी नियम मोडता येत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने मला सरांच्या टेबलावर ठेवलं आणि तिच्या लेकीने माझं काय केलं आणि का केलं, ते सांगितलं. तिने काही वगळलं नाही.

मग श्रद्धा मॅडम खाली बघत म्हणाल्या, “सर, मीसुद्धा शाळेत पाणी पीत नाही. ऑफिसजवळच्या बाथरूमची चावी तुमच्या खणात असते. मागायची लाज वाटते.”

सरांनी खण उघडला. चावी काढून टेबलावर, माझ्या शेजारी ठेवली. “इतकी वर्षं मला कुणी बोललं नाही,” ते म्हणाले.

“सांगायचीच तर लाज वाटते, सर,” आई म्हणाली.

त्या दिवसापासून ते कुलूप गेलं. पौर्णिमाला मागच्या दाराजवळचा बाक मिळाला. तिने उठायचं आणि जायचं, विचारायचं नाही. बाकीच्या शिक्षकांना मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, वर्गात चकार शब्द काढला नाही.

पहिल्यांदा ती अशी उठली तो मॅडमचाच तास होता. बाबांनी नवी बाटली आणेपर्यंत आई मलाच गुपचूप दप्तरात घालायची, म्हणून मी बाकावर होते. अर्ध्या वर्गाच्या माना वळल्या. मॅडम पाठमोऱ्या फळ्यावर लिहीत होत्या. त्यांना कळलं, त्यांचे खांदे ताठ झालेले मी पाहिले. पण खडू थांबला नाही. त्या भरभर लिहीत सुटल्या, एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. ज्यांनी माना वळवल्या होत्या त्यांचं लिहायचं राहिलं, आणि ते घाईघाईने वह्यांत तोंड घालून बसले. पौर्णिमा परत येऊन बसली, तेव्हा तिच्याकडे फक्त मी बघत होते. मला उचलून ती घटाघटा पाणी प्यायली.

ते दिवस मागे पडले. पौर्णिमा आता नववीत आहे. तिच्याजवळ नवी, मोठी बाटली आहे. ती आता कुणासमोर न अडखळता आपलं काय ते सांगते. मी मांडणीवर असते. आईने शब्द पाळला, त्यामुळे बाबांना अजून काही माहीत नाही. ते मला गळकी म्हणाले की आई एकदा माझ्याकडे बघते आणि हातातल्या कामाला लागते. पौर्णिमा बघत नाही. मला वाईट वाटतं का? वाटतं. वर्षानुवर्षं कुणी तोंड लावत नाही, वर हे नाव. पण माझं नाव धुऊन निघायचं तर तिचं गुपित उघडं पडणार. त्यापेक्षा मी गळकीच बरी. तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी मन मोकळं केलं.

मित्रांनो, मला खाली काढा, घासा, पाणी भरा, असं मी म्हणणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही वर्गात कुणीतरी असेल, ज्याला तास चालू असताना उठावं लागतं. त्याला काय झालंय, ते विचारू नका. कितव्यांदा चालला, ते मोजू नका. तो दाराकडे जाईल तेव्हा मान वळवू नका. तेवढा वेळ फळ्याकडे बघा.