मास्तरांची सोळा ग्रॅमची गोळी

थर्मन गॅडिस आमच्या तळावर आला तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच्या रायफलीचंच सामान जास्त होतं. खेचरावरून खोकं उतरवताना माझा थोरला भाऊ रोल्फ कण्हला.

"यात काय आहे? बायको आणलीय का?"

"ती नाही म्हणाली," थर्मन म्हणाला. "तराजू आहे. आणि वारा मोजायचं यंत्र, मापपट्ट्या, तिकाटणं."

"म्हणजे बायकोपेक्षा जड. आणि बोलणंही नाही."

हा तळ आमच्या वडिलांचा. वायोमिंगच्या डोंगरात गाडीरस्ता संपतो, तिथून पुढे घोड्यावर पाच तास. रोल्फचे गुडघे गेल्यापासून तो स्वयंपाक करतो आणि शिव्या देतो. शिकाऱ्यांना डोंगरात फिरवायचं काम माझ्याकडे. चौतीस वर्षं मी एल्कच्या मागे हिंडतेय. एल्क म्हणजे घोड्याच्या अंगाचं हरीण, आणि अक्कल आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या दीडपट.

थर्मन आयडाहोचा, शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक. म्हणून मी त्याला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायला लागले. निवृत्तीनंतर लोक मासे धरतात किंवा बायकोचं डोकं खातात. मास्तर गॅरेजमध्ये लेथवर गोळ्या बनवायचा. पहिल्याच संध्याकाळी त्यानं एक गोळी माझ्या ताटाशेजारी उभी केली. करंगळीएवढी लांब, बाहेरून तांबं, आत शिसं, टोकाला टाचणी जेमतेम शिरेल एवढं छिद्र, जनावराला लागल्यावर टोक फुलासारखं उमलावं म्हणून.

"नेहमीची गोळी अकरा ग्रॅमची," तो म्हणाला. "ही सोळाची. हलकी गोळी सुसाट निघते, पण पुढे वारा तिला खातो. जड गोळी निवांत निघते आणि वेग धरून ठेवते. वाऱ्यानं फारशी ढळत नाही."

"माझ्या मेव्हण्यासारखी," रोल्फ भाकरी मोडत म्हणाला. "जड, निवांत, आणि कशानं हलत नाही."

रोल्फचा मेव्हणा म्हणजे माझा आधीचा नवरा. मी हसले नाही, पण उपमा चुकीची नव्हती.

मास्तरला नऊशे यार्डांवरून एका गोळीत एल्क पाडायचा होता आणि त्याचं चित्रण करायचं होतं. त्याच्यासारखेच गॅरेजवाले देशभर पसरलेत, ते एकमेकांचं काही खरं मानत नाहीत. त्यांना दाखवायचं होतं.

"आमच्याकडे चारशेच्या पुढे बार काढायचा नाही," मी म्हणाले. "वडिलांचा नियम आहे."

"तुमच्या वडिलांकडे अशी दुर्बीण नव्हती."

"वडिलांकडे पाय होते, मास्तर. ते जवळ जायचे."

चार दिवस मी त्याला फिरवलं. दोनदा तीनशे यार्डांवर चांगले नर दिसले. मास्तर म्हणाला, "फार जवळ आहेत." असलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या रात्री रोल्फनं ते कोळशानं स्वयंपाकाच्या तंबूवर लिहून ठेवलं.

पाचव्या दिवशी दुपारी तीनला दरीपलीकडच्या उतारावर एक नर चरताना दिसला. मास्तरनं अंतर मोजलं. आठशे ऐंशी.

"दरी उतरून, पलीकडे चढून जाऊ," मी म्हणाले. "दोन तास लागतील."

"तोवर तो जाईल. वारा पडलाय. गणित पक्कं आहे, आर्लिस. फक्त हो म्हणा."

आता खरं सांगते. तेव्हा नियम आठवला, आणि त्याच वेळी माझी डावी कंबरही आठवली. सकाळपासून ती ठणकत होती. मी नर बघितला, दरी बघितली आणि म्हणाले, "मारा."

पुढचं सगळं त्या एका शब्दानं झालं. मास्तरवर ढकलायला मला आवडलं असतं.

तो पालथा पडला, रायफलीवरचा कॅमेरा सुरू केला, दुर्बिणीचे आकडे फिरवले, श्वास सोडला. बार झाला. गोळी पोचायला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात माणसाला आपला निर्णय बदलावासा वाटतो. मी दुर्बिणीतून बघत होते. नर दचकला, चार पावलं उडाला, मग चालत चालत झाडीत गेला. बाजारला निघाल्यासारखा.

"चुकली," मास्तर म्हणाला. चेहरा पांढरा.

"लागली. पाठीची कमान बघितली मी. उठा."

"पण तो तर चालत गेला!"

"हो. त्याला तुमचं गणित शिकवलेलं नाही."

पलीकडे पोचायला दोन तास लागले. म्हणजे कंबर वाचवायचा विषयही मिटला. तिथे केसांचा एक झुबका होता आणि मसुराएवढा रक्ताचा थेंब. पुढे पन्नास पावलांवर दुसरा. मास्तर गुडघ्यांवर बसून मापपट्टी काढायला लागला. मी ती हातातून ओढून घेतली.

"शाळा सुटली, मास्तर. आता नुसतं बघायचं."

अंधार पडेपर्यंत पाच थेंब सापडले. परतलो तेव्हा रोल्फनं आमची तोंडं बघितली आणि सूप वाढलं. मग नियम सांगितला: रक्त दिसलं की शिकार झाली असं धरायचं. नर सापडो न सापडो, दुसऱ्यावर बार नाही.

"मान्य," मास्तर म्हणाला. "पण तो मला शोधायचाय. माझे दोन दिवस उरलेत. दोन्ही त्याचेच."

माणूस जरा बरा वाटायला लागला.

सकाळी बारीक बर्फ भुरभुरलं होतं आणि त्यावर पावलं ताजी उमटली होती. उजवा पुढचा पाय किंचित ओढलेला. तासाभरात आम्ही त्याला गाठलं. पडलेल्या ओंडक्याआड बसला होता, वीस पावलांवर, मान वर, तोंडातून गुलाबी फेस. आमच्याकडेच बघत होता.

"खांद्यामागे," मी कुजबुजले.

मास्तरनं घाई केली. गोळी नराच्या खांद्यावरच बसली. एवढ्या जवळून त्या जड गोळीचा वेग भलताच होता. ओल्या गादीवर काठी हाणावी तसा आवाज आला, खांद्यावर बशीएवढं भगदाड पडलं, आणि नर उठला. तीन पायांवर उठला आणि आमच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

"मेला कसा नाही?" मास्तर ओरडला.

वडिलांची जुनी रायफल माझ्या खांद्याला होती. मी मानेत गोळी घातली. तो खाली बसला, मग कुशीवर कलंडला. बर्फातून वाफ येत राहिली.

मी चाकू काढला. मास्तर बाह्या सरसावून शेजारी बसला, आणि आम्ही तो नर उघडला.

कालची गोळी बरोबर मास्तरनं नेम धरला तिथेच लागली होती. आठशे ऐंशी यार्डांवरून, चुकली असेल तर वीतभर. एवढं अचूक मारलेलं मी बघितलं नव्हतं. पण दमलेल्या वेगात तिचं टोक उमललंच नव्हतं. विणायची सुई लोकरीतून जावी तशी फुप्फुसाच्या कडेतून आरपार गेली होती. करंगळी कशीबशी शिरेल एवढं भोक. आजची गोळी उलटी: खांद्याच्या हाडावर आपटून फुटलेली, शिशाचा नि तांब्याचा चुरा मांसभर पसरलेला, आत मात्र चार बोटंसुद्धा पोचली नव्हती. गोळी तीच, साचा तोच. लांबून सुई, जवळून फटाका.

मास्तर कोपरापर्यंत रक्तात हात घालून बसला होता. ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतोय.

"एकोणीस तास," तो म्हणाला. "काल तीनपासून. एकोणीस तास तो असाच..."

मी म्हणाले, "हो म्हणणारी मी होते."

"गोळी माझी होती."

मग आम्ही दोघं नाकं पुसत मांस कापायला लागलो, कारण मांस कुणाच्या पश्चात्तापासाठी थांबत नाही. मास्तरनं मागची एक तंगडी स्वतःच्या पाठीवर बांधली. खेचर होतं, तरी. चाळीस किलो वजन. तीनदा पडला. तिसऱ्यांदा खेचरही वळून बघायला लागलं.

त्या रात्री रोल्फनं खांद्याच्या धडधाकट भागाची कांदा-बटाटा घालून आमटी केली. चुरा असलेलं सगळं फेकलं, अशी त्यानं शपथ घेतली. दुसऱ्याच घासाला मास्तरच्या तोंडात कडकन वाजलं. त्यानं बोट घालून तांब्याचा कपचा काढला आणि दाढेचा तुकडाही काढला. दोन्ही ताटाच्या काठावर शेजारी शेजारी ठेवले.

"हं," रोल्फ म्हणाला. "ही बघा, इथे बरोबर उमलली."

मी टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली, दुखऱ्याच. पण मास्तर हसायला लागला. गालावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसू कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते कळलं नाही. आम्ही दिव्याची वात नीट करण्यात गुंतलो.

घरी गेल्यावर त्यानं चित्रण सगळ्यांना दाखवलं. कापाकापी न करता. नराचं दचकणं, चालत जाणं, वीस पावलांवरचं भगदाड, आणि शेवटी स्वतः, फुटक्या दाढेनं सांगताना, की ही गोळी जनावरावर कुणी वापरू नये. गॅरेजवाल्यांनी त्याला धुऊन काढलं. एकानं लिहिलं, एल्क भित्रा होता. मास्तरनं लेथवरचा तो साचा मोडून टाकला.

पुढच्या शरद ऋतूत त्याचं पत्र आलं, मी पुन्हा येतोय. आला तेव्हा खोकं एकच होतं. आत साधी रायफल आणि दुकानातल्या अकरा ग्रॅमच्या गोळ्या. यंत्रं नाहीत. आल्या आल्या म्हणाला, "आर्लिस, जवळ कसं जायचं ते शिकवा."

माझी कंबर तोवर बरी झाली होती, आता त्याची दुखत होती. सहा दिवस आम्ही पोटावर सरपटलो. चिखल, काटे, एल्कच्या लेंड्या. सहाव्या दिवशी एका मोठ्या नरापासून दीडशे यार्डांवर पोचलो. मास्तरनं रायफल हळूच पुढे सरकवली. तेवढ्यात वारा फिरला आणि त्याच्या कमरेला चोळलेल्या मलमाचा वास थेट तिकडे गेला. नरानं मान वर केली, नाक फेंदारलं, आणि अख्खा कळप डोंगरापलीकडे उधळला.

मास्तर तसाच चिखलात पडून राहिला.

"मार लागला का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मला त्याचे डोळे दिसले. पापण्यासुद्धा."

मग कोपरांवर उठून त्यानं हनुवटीचा चिखल पुसला आणि विचारलं, "रोल्फनं जेवायला काय केलंय?"