मधली खुर्ची

चष्म्याच्या दुकानात तो साधा चष्मेवाला. पण रविवारच्या मित्रमंडळात त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते त्याला स्वतःलाही मनापासून पटलेलं होतं. घरातली सर्वांत मोठी खोली त्याने गाण्याला दिली होती. गाण्याला कसली, स्पीकरना! माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, भिंतींना जाड गाद्या आणि बरोबर मधोमध एकच खुर्ची. तिच्यात बसलं की गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत साक्षात येऊन उभी राहते. वीतभर बाजूला सरकलात की गेली. म्हणून खुर्ची कायम त्याची. बायको बसलीच तर दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर निवडायची भाजी घेऊन.

तिला सिनेमातली जुनी गाणी आवडत. ती तिने स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकावीत असा नियम होता. "एका माइकपुढे गायलेली गाणी ती. दोन्हीकडून सारखंच ऐकू येतं. माझ्या स्पीकरचा अपमान आहे," असं तो म्हणे. मंडळींच्या तबकड्या ठरलेल्या: कुजबुजत गाणारी एखादी बाई, नाहीतर नुसता ढोलांचा गडगडाट. गाणं आवडलं का, हे कुणी कुणाला विचारत नसे.

एका रविवारी नवी महागडी वायर आली. जुनी आणि नवी आलटून पालटून लावायची आणि फरक ओळखायचा. बायको चहा घेऊन आली, तेव्हा एकाला चेष्टा सुचली. "वहिनी, तुम्ही सांगा. पहिली चांगली की दुसरी?"

तिने हातातला ट्रे तसाच धरून मन लावून ऐकलं. "मला तर दोन्ही सारख्याच वाटल्या. पण आवाज सगळा डावीकडूनच येतोय ना? उजवीकडचं खोकं बंद आहे का?"

हसून हसून मंडळींची पोटं दुखली. "गाढवापुढे वाचली गीता!" कानसेन म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. तीही थोडी हसली आणि कप ठेवून आत गेली.

पुढच्याच आठवड्यात रस्ता ओलांडताना उजवीकडून आलेली सायकल तिला धडकली. घंटी ऐकूच आली नाही म्हणाली. कोपर खरचटण्यावर निभावलं, पण डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी कान तपासले. उजवा कान पार गेला होता, आणि तो परत येणार नव्हता.

"हळूहळू गेलाय. दोन वर्षं तरी झाली असतील," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती फोन डाव्याच कानाला लावायची. दहादा "काय म्हणालात?" विचारायची, आणि तो खेकसायचा, "लक्ष कुठे असतं तुझं?" दोन वायरींमधला केसाएवढा फरक ऐकणारा माणूस हा! आणि त्या रविवारी तिने काय होतंय ते भर मंडळींत सांगितलंच होतं की. तो तिला गाढव म्हणाला होता.

दवाखान्यातून येताना त्याने तिच्या आवडत्या गाण्याची जुनी तबकडी शोधून आणली आणि संध्याकाळी तिला हाताला धरून मधल्या खुर्चीत बसवलं.

"अहो, ही तुमची जागा."

"बस गं."

गाणं लागलं. ती मान डोलवत गुणगुणली. "अगदी रेडिओवर लागतं तसंच आहे हो. काही कमी नाही." तिचा चेहरा फुलला होता. त्याला बरं वाटलं, आणि माणसाला बरं वाटलं की हाव सुटते. त्याने आपली ती कुजबुजणारी बाई लावली आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला.

तिने बराच वेळ ऐकलं. "ती मध्ये येऊन उभी राहते म्हणता, ती कुठे आहे?"

ती बाई दिसायला दोन्ही कान लागतात. एका कानाला ती कधीच दिसणार नव्हती. दोन्ही कान धड होते तेव्हा, इतक्या वर्षांत, एकदा तरी हिला इथे बसवलं असतं तर काय बिघडलं असतं?

"तसं काही नसतं गं," तो म्हणाला. "आम्ही मंडळी उगाच फुशारक्या मारतो."

तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याची नजर दोन स्पीकरच्या मधोमधच होती.

"मग तुम्ही तिथे कुणाकडे बघताय?"

ती पुन्हा पुढे वळली, आणि गाणं संपेपर्यंत त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली.