बाजाराचा वार

निशिगंधाच्या उमरखेडच्या कुरिअर केंद्रात न्याय म्हणजे तराजूचा काटा. डिलिव्हरीवाले तिघं, तिघांना पार्सलं सारखी, आणि कुणी कुरकुरू नये म्हणून रोज गावंही बदलती. ही पाळी तिनंच बसवलेली; तिचा तिला भारी अभिमान. तरी शाम आणि धम्मदीप गाडी रिकामी करून यायचे आणि अवधूत अर्धी पार्सलं परत आणायचा. शेवटी वरून निरोप आला: आजही तसंच झालं तर त्याला काढा. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं, आणि मुलगी दिली होती ती नोकरी पाहूनच.

"घराले कुलूप होतं, ताई," तो रोज एवढंच सांगायचा.

"शामले त्याच गावात लोक भेटतात. तुलेच काहून कुलूप?"

"माहा पायगुणच खराब असन." तो हसला, पण चेहरा उतरलेला होता.

निशिगंधाला रागापेक्षा कुतूहलच जास्त. कुलपं काय माणूस ओळखून लागतात? ती सरळ त्याच्या गाडीत जाऊन बसली. आज त्याची पाळी ढाणकीच्या बाजूची होती.

पहिल्या गावात कुलपं. दुसऱ्यात कुलपं. तिसऱ्यात बबिता नावाची एक बाई हातात पिशव्या घेऊन दाराला कडी घालत होती.

"कोनाले शोधून राह्यले? आज ढाणकीचा बाजार हाय ना! बाजाराच्या दिवशी मजुरीले सुट्टी. गावात कोन राह्यते?"

निशिगंधा यवतमाळची, घरात सगळे ऑफिसात जाणारे. अवधूत बाभुळगावचा, इकडे नवाच. इथल्या बाजारांचे वार दोघांनाही ठाऊक नव्हते.

"काल कुठं गेलता?"

"महागावकडं. तिथंही बाजारच होता, ताई. गाडी काढाले जागा नोयती."

"अन् परवा?"

परवाही बाजारच. निशिगंधानं बोटांवर हिशेब केला: कामाचे दिवस सहा आणि माणसं तीन, म्हणून दर आठवड्याला त्याच वारी तीच गावं त्याच माणसाकडे येत होती. तिच्या चोख पाळीनं प्रत्येक बाजार नेमका याच्याच माथी मारला होता, आणि ती मात्र याच्यात खोट शोधत बसली होती.

"चाल ढाणकीले!"

बाजारात मिरचीच्या ढिगाशेजारी गाडी लावून अवधूत एकेकाला फोन करू लागला. पाचसहा गावं आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत आली. एकानं तर तिथंच खोकं फोडून नव्या चपला पायात घातल्या. दुपारीच गाडी रिकामी.

"अवधूत राहील," तिनं वर कळवलं. "चूक मी लावलेल्या पाळीची होती."

दुसऱ्या दिवशी वेगळीच पंचाईत.

"बाजार मले द्या, ताई!" शाम म्हणाला.

"मले काहून नाही?" धम्मदीप.

कालचं जड आज हलकं झालं होतं. निशिगंधानं कपाळाला हात लावला. बाजाराची पाळी आज पुन्हा अवधूतचीच होती. तो शामच्या गाडीकडे गेला आणि लांबच्या एका गावची पार्सलं उचलून आपल्या गाडीत ठेवू लागला.

"दुपारी मी रिकामाच राह्यतो. हे गाव माह्याकडं."

"अन् तिथं कुलूप असलं तं?" शामनं चिडवलं.

"थांबीन ना. मले सवय हाय."