दुबईहून आलेली बुत्ती

आमच्या सुनेचं, अनुजाचं वागणं मला पहिल्यापासून पटलेलं नाही. तोंडावर भांडत नाही. नाही म्हटलं की मान हलवते, भांडी घासायला बसते आणि मनात ठेवते. त्यापेक्षा भांडणारी परवडली, तिच्या पोटातलं ओठात तरी येतं.

दिवाळीनंतर तिनं विचारलं होतं, "आत्या, आम्ही हॉस्टेलच्या चौघीजणी दुबईत जमायचं ठरलंय. संघप्रिया तिथं नर्स हाय. शनवार-रईवार दोनच दिवस. जाऊ का?"

"दोन दिसांसाठी इमानानं? च्या प्यायला?" मी म्हटलं. "त्यास्नी म्हणावं आपल्या गडमुडशिंगीला या. च्यात दूध जास्त घालते."

विषय संपला, असं मला वाटलं.

मागल्या गुरुवारी म्हणाली, मलकापूरला आईकडं चार दिवस जाऊन येते. माहेराला मी कधी अडवलेलं नाही. गेली. शनिवारी दुपारी तिच्या आईचाच, चिमणाबाईंचा फोन.

"विहीणबाई, अनुजाचा फोन लागंना. बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. झोपलीया," मी म्हटलं. आमच्या घराची लाज मी फोनवर उघडी करत नसते.

लेकाला, कृष्णातला, गोठ्यात गाठला. आधी शेणाकडं बघत राहिला, मग मोबाईल काढून फोटो दाखवला. चार बाया बोटीत बसलेल्या, मागं काचेच्या इमारती. आमची मधोमध, केस मोकळे, तोंड आभाळाकडं करून हसत होती. अकरा वर्षांत या घरात तिचे एवढे दात मी पाहिले नाहीत.

"तू न्हाय म्हणालीस, म्हणून सांगितलं न्हाय," लेक म्हणाला.

"आता तिला बी काय सांगू नगंस. सांगितलंस तर गाठ माझ्याशी हाय."

सोमवारी सकाळी चिमणाबाईंना मलकापूरहून बोलावून घेतलं. सगळं सांगितलं आणि आतल्या खोलीत बसवलं. बाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "माझ्याशी तरी बोलायची हुती," एवढंच म्हणाली.

दुपार कलल्यावर अनुजा आली. हातात बुत्ती. आमच्याकडं लेक सासरी निघाली की आई खाण्याची बुत्ती बांधून देते आणि सासरी ती चार घरांत वाटायची असते. रिकाम्या हातानं आली असती तर चोरी उंबऱ्यातच कळली असती. म्हणून कोल्हापुरात उतरून दुकानातल्या करंज्या टोपलीत भरून आणल्या होत्या. वर धुतलेलं फडकंही बांधलं होतं. हुशार.

मी शेजारच्या धोंडुबाईला आणि बायडाबाईला पुढच्या सोप्यातच बोलावलं.

धोंडुबाईनं करंजी उचलून फिरवून बघितली. "ही कातणानं कापलीया की गं. तुझी आई हातानं मुरड घालती, दोरीसारखी. आमच्या गल्लीत तसली कुणाला जमत न्हाय."

अनुजानं फडक्याची घडी घातली. "आईचा हात दुखतोय," म्हणाली. "मी नगं म्हणत हुते, तरी रातभर बसून केल्या."

"अगं बाई, रातभर!" बायडाबाई हळहळली.

"व्हय तर," मी म्हटलं. "विहीणबाई, या की भाईर. हात कसा हाय बघू द्या बायकांस्नी."

चिमणाबाई दारात आल्या. अनुजाचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

चिमणाबाईंनी लेकीकडं बघितलं. करंज्यांच्या टोपलीकडं बघितलं. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

"लई ठणकतोय," त्या म्हणाल्या. "म्हणून कातणं घेतलं. मी सकाळच्या गाडीनं फुडं आले, ही मागनं आली."

"शेक घ्या बाई," धोंडुबाई म्हणाली आणि करंजी खाऊन टाकली. शनिवारपासून मी दम धरला होता, तो असा एका घासात गेला.

बायका उठून गेल्या. चिमणाबाईंनी पिशवी उचलली. लेक पाया पडायला वाकली, तसे त्यांनी पाय मागं घेतले आणि आमच्या गाडीत जाऊन बसल्या. कृष्णात त्यांना स्टँडवर सोडायला गेला.

अनुजा दारातून हलली नाही. मग लग्नानंतर पहिल्यांदा तिनं माझ्यावर आवाज चढवला.

"आत्या, चूक माझी हुती. मला काय बी बोलायचं हुतंसा. माझ्या आईला चार बायकांत का उभं केलंसा?"

"उभं मी केलं," मी म्हटलं. "पर खोटं बोलायला तिला तू लावलंस. पासष्ट वर्सांची बाई, तुझ्यापायी आपल्या धडधाकट हाताला रोग लावून गेली. आता दुबईला जा न्हाय तर लंडनला जा, मला इच्यारू नगंस. जिला सख्ख्या आईनं पाया पडू दिलं न्हाय, तिला अडवणारी मी कोण?"