तळापर्यंत न गेलेला डाव

मी एक पितळी डाव बोलतोय, आमटी वाढायचा. तांबट आळीत ठोके खाऊन घडलो आणि एकाहत्तर साली कुसुमताईंच्या रुखवतात बसलो. आता दांड्याला झाळ लावलेली आहे आणि बोलायचाही कंटाळा येतो. पण मी पाहिलं ते दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही.

कुसुमताईंचं बिऱ्हाड येरवड्याच्या कर्मचारी सोसायटीत. यजमान श्यामसुंदर कचेरीत कारकून. वर्तमानपत्रातली आरोग्याची कात्रणं वहीत चिकटवायची, हा त्यांचा व्यायाम. आधी ते जेवत, मग मुलं, शेवटी कुसुमताई. इतरांना वाढताना त्या मला तळापर्यंत नेत, घट्ट डाळीत. स्वतःला वाढताना वरच्या वर, पाण्यात.

"मला पातळच आवडतं," त्या म्हणत. कोणी विचारलेलं नसे. सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला साबुदाणा. त्या दिवशी त्यांच्या ताटापुरती मला सुट्टी.

शेजारी मुनव्वर, त्याच कचेरीतले, आणि त्यांची बायको रझिया. रविवारी जिन्यात दोघा पुरुषांचा वाद ठरलेला.

"मुनव्वर, मटणाने आम्ल वाढतं. ते हाडांतलं कॅल्शियम ओढून नेतं. कात्रण आहे माझ्याकडे."

"आणि वरणाने काय येतं श्यामराव? झोप?"

दोघांचीही हाडं मजबूत होती. तासभर जिन्यात उभं राहायला तशीच लागतात.

एका होळीला कुसुमताईंनी रझियाकडे कटाची आमटी पाठवली, मला त्यातच ठेवून. पातेलं परत गेलं, मी राहिलो. रविवारच्या घाईत रझियाने मला मटणात घातलं. दुसऱ्या दिवशी चिंचेने लख्ख घासून परत करायला आली आणि खरं सांगून बसली.

"ताई, चुकून मटणात गेला हो."

"मग राहू दे तुझ्याकडेच," कुसुमताई म्हणाल्या आणि तिच्यासाठी चहा टाकला. राग नव्हता. मला मात्र कोणी विचारलं नाही.

नव्या घरी काही वेगळं दिसेल, असं वाटलं होतं. मुनव्वरना बोट्या, मुलांना बोट्या, रझियाच्या ताटात नुसता रस्सा. त्याला ती शेरवा म्हणे.

"मला शेरवाच आवडतो," ती म्हणाली.

मी दमलो तो तेव्हापासून.

पुढे उतारवयात रझिया न्हाणीत घसरली, मनगट मोडलं. श्यामसुंदर वही घेऊन भेटायला आले. तीन वर्षांनी कुसुमताई उंबऱ्याला अडखळल्या आणि खुबा मोडला. तेव्हा वही कपाटातच राहिली.

ऑपरेशन झालं, पण कुसुमताई उभ्या राहीनात. मग रझिया मला पदराखाली घेऊन त्यांच्या घरी आली. त्यांच्याच पातेल्यात मुगाचं वरण शिजवलं आणि खाटेपाशी आणलं.

"अगं, तो डाव मटणातला," श्यामसुंदर म्हणाले.

"माझ्या रुखवतातला आहे," कुसुमताई म्हणाल्या. ते गॅलरीत गेले.

"डॉक्टर काय म्हणाले, ताई?"

"पायात ताकद आली नाही, तर अंथरुणातच राहाल म्हणाले. प्रथिनं कमी पडतात. ह्यांनी लगेच सांगितलं, आम्ही शाकाहारी. डॉक्टर म्हणाले, डाळही शाकाहारीच असते, दूध-दहीसुद्धा. पोटात जातं का ते सांगा."

"मग?"

"मी म्हटलं, सगळं खाते."

"मनगट मोडलं तेव्हा मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्यात मटण असतं. डॉक्टर खूश."

"आणि खात होतीस?"

"शेरवा."

मग कुसुमताई हसल्या, खुबा दुखेपर्यंत.

"वरचंच वाढ गं. मला पातळच…"

"गप बसा, ताई."

रझियाने मला तळापर्यंत नेलं. कुसुमताईंसाठी मी तिथे पहिल्यांदाच गेलो.

आता मी पुन्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात आहे. कुसुमताई काठी घेऊन जिन्यापर्यंत जातात, रझिया तिथे भेटते. श्यामसुंदरांनी 'प्रथिने आणि हाडे' असं नवं कात्रण कापलंय. जेवताना मोठ्याने वाचतात. वाढायला अजून कुसुमताईच उठतात, काठी भिंतीला टेकवून.

तुमच्या घरी शेवटी जेवायला बसणारं कोणी "मला पातळच आवडतं" म्हणालं, तर मान डोलावू नका. उठा आणि डाव हातात घ्या. आमचा दांडा एवढा लांब ठेवलेला असतो, तो तळापर्यंत पोचावा म्हणून.