पाव पडला तर

"यंदा रोश्ती खाऊ या का?" केथीने अगदी सहज सुचल्यासारखं विचारलं, पण विचारताना एल्सबेथकडे बघितलं नाही.

तिघं बर्नच्या घंटाघराखाली उभी होती. बाराला चार मिनिटं होती. वरचा कोंबडा आरवला, लाकडी अस्वलांची मिरवणूक फिरायला लागली आणि पर्यटकांनी फोन उंच धरले. ही तिघं मात्र आपापल्या मनगटांकडे बघत होती. बील गावच्या घड्याळ कारखान्यात हाडं झिजवलेली माणसं ती, घंटाघराचीसुद्धा वेळ तपासून घेणारच.

"रोश्ती?" एल्सबेथ म्हणाली. "बटाटे किसायला माझ्या घरी किसणी आहे. त्यासाठी एवढ्या थंडीत गाडीत बसून आले होय मी?"

"तसं नाही गं. माझं पोट जरा जड आहे."

"जड असणारच. सकाळपासून चेस्टनटच्या दोन पुड्या एकटीने संपवल्यास."

व्हेर्नर खाकरला. "या वयात चीज बाधतंच म्हणा."

एल्सबेथ काय ते समजली. सकाळी गाडीत तिच्या हातातली कॉफी हिंदकळून रुमालावर सांडली होती, ती या दोघांनी पाहिली होती. उजवा हात वसंतापासून थरथरायला लागला होता. थरथर वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि हाच तो हात! घड्याळाच्या पोटातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलून जागेवर बसवायची, हे काम तिने सदतीस वर्षं केलं. कारखान्यात नव्या मुली आल्या की व्हेर्नर त्यांना आधी तिच्या टेबलापाशी नेऊन उभं करायचा. तो तेव्हा तपासनीस होता.

दर डिसेंबरात एक दिवस तिघं बर्नला यायची, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली होती. आधी नदीकाठची अस्वलं बघायची. ती झोपलेलीच असायची, तरी केथी त्यांना हात हलवायची. मग मोठ्या चर्चच्या गच्चीवरून आल्प्स शोधायचे, जे धुक्यात कधी दिसले नाहीत. मग घंटाघर, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या खाणावळीत फोंड्यू. काट्याला टोचलेला पाव वितळलेल्या चीजमध्ये बुडवताना ज्याचा भांड्यात पडेल, त्याने कोट न घालता बाहेरच्या कारंज्यापाशी जायचं आणि तिथल्या पोरं खाणाऱ्या दगडी राक्षसासमोर गाणं म्हणायचं; शिवाय भांड्याच्या तळाच्या पापडीतही त्याला वाटा नाही. व्हेर्नर अकरा वेळा गायला होता. केथीच्या गाण्याला तर एकदा पोलिसाने टाळ्या वाजवल्या होत्या. एल्सबेथचा पाव कधी म्हणजे कधीच पडला नव्हता, आणि ती हे दोघांना ऐकवायला वर्षभर विसरत नसे.

"फोंड्यूच," ती म्हणाली आणि कमानींखालून झपाझप चालायला लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तिलाही कळत होतं. पण रोश्ती खाल्ली असती तर पुढच्या वर्षी त्यांनी तिला गाडीतून उतरताना धरलं असतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी बोलावलंच नसतं.

खिडकीपाशीच्या टेबलावर भांडं आलं. खाली ज्योत, वर चीजचे बुडबुडे. चार घास नीट गेले. एल्सबेथने मनगट भांड्याच्या काठाला टेकवलं होतं, श्वास रोखून धरला होता. पाचव्या वेळी हात असा काही उसळला की काटा भांड्यावर वाजला, आणि पाव सुटून चीजमध्ये दिसेनासा झाला.

"धुकं उतरायला लागलं बघा," केथी खिडकीबाहेर बघत म्हणाली. व्हेर्नर चष्मा काढून पुसत बसला.

पाव पडल्याचं एल्सबेथला इतकं वाटलं नाही, जितकं त्या चष्मा पुसण्याचं वाटलं.

"व्हेर्नर, काय दिसलं तुला?"

"कुठे काय?"

"भिंग लावून केसाएवढी चूक पकडायचास माझी. आणि आज एवढा पाव दिसला नाही?"

"जाऊ दे ना, एल्सी," केथी म्हणाली. "बाहेर उणे सहा आहे."

"अकरा वेळा याला बाहेर धाडलं, तेव्हा मी कधी दया केली?"

"नाही," व्हेर्नर म्हणाला. "एकदा तर माझी छाती भरली होती. बघायला आलीस तेव्हाही हसत होतीस."

"मग? मी आजारी आहे रे, मेले नाहीये अजून!"

केथीचे डोळे भरून आले होते. तिने नाक पुसलं, आणि मग तिचा चेहरा हळूहळू चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या खट्याळ पोरीसारखा झाला.

"तिन्ही कडवी," ती म्हणाली. "आणि मफलर इथेच ठेवायचा."

एल्सबेथ बाहेर गेली. राक्षस एका पोराचं डोकं तोंडात धरून बसला होता. शाळेत शिकलेलं गुराख्याचं गाणं तिने सुरू केलं. पहिलं कडवं थंडीने दातांतच अडकलं.

"ऐकू येत नाही!" दारातून केथी ओरडली.

"सूर चुकतोय!" हा व्हेर्नर. तपासनीस तो तपासनीसच.

दुसऱ्या कडव्याला एल्सबेथने दोन्ही हात वर केले आणि गळा मोकळा सोडला. उजवा हात हवेत खुशाल थरथरत होता. ट्रामवाल्याने घंटी वाजवली, कुणीतरी ठेका धरला. तिसऱ्या कडव्याला लोक थांबून ऐकत होते, आणि जग जिंकल्यासारखी ती गात होती. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ती गारठलेली, लालबुंद होऊन आत आली तेव्हा भांडं रिकामं होत आलं होतं. तळाला चीजची खरपूस पापडी धरली होती. तिला तिकडे आजी म्हणतात, आणि तिच्यासाठी माणसं भांडतात. वाढणाऱ्या बाईने सुरीने ती अख्खी सोडवली.

"तीन भाग करू?"

एल्सबेथने दोघांकडे बघितलं.

"दोनच करा," व्हेर्नर म्हणाला. "जो हरला त्याला आजी मिळत नाही."

"नियम म्हणजे नियम," केथी म्हणाली, आणि मोठा तुकडा तिने आपल्या ताटलीत ओढला.

दोघांनी पापडी कुरकुर वाजवत, बोटं चाटत खाल्ली. तिला कणभरही दिली नाही. एल्सबेथ दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यांचं खाणं शेवटच्या घासापर्यंत बघत राहिली.